कापून दिलेलं पाकीट

मे महिन्यात रात्री साडेबाराला दवाखान्याच्या शटरवर थाप पडली की आधी विंचू आठवतो. त्या रात्री विंचू नव्हता. छोट्या हत्तीच्या हौद्यात, दिवसभर केळीच्या घडांखाली अंथरलेल्या वाळक्या पानांवरच, एक ५६ वर्षांचे शेतकरी आडवे पडले होते. चोपडा तालुक्यात तापीच्या काठाला त्यांची तीन एकर केळी आहे. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हणतो. हे प्रकरण लिहायला त्यांची हरकत नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील तेवढे मी बदलले आहेत.

मोठ्या मुलाने एका दमात सांगितलं. बाराला लाइट येते, म्हणून मोटार चालू करायला उठले. ओट्यावरून उतरले, दोन पावलं टाकली आणि बसल्यासारखे खाली गेले. डोकं आपटलं नाही. हाक मारली की डोळे उघडतात, 'हं' करतात, पुन्हा मिटतात. विहीर घरापासून चारशे पावलांवर. तिथे पोहोचून कोसळले असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

टेबलावर घेतलं. बीपी ७८/५०. नाडी ४६. अंगात ताप नाही. साखर ११८. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. आदल्या रात्रीपासून सहा-सात जुलाब झालेत, असं वहिनींनी सांगितलं.

जुलाब, मे महिन्यातला उन्हाळा, खाली गेलेलं बीपी. एवढ्यावर कोणीही सलाईन लावून झोपायला जाईल. माझंही बोट त्याच दिशेने चाललं होतं. पण नाडी जुळत नव्हती. अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाची नाडी पळते, ११०, १२०. याची रेंगाळत होती. नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या काही गोळ्या असतात, पण नानांना दोन वर्षांपूर्वी मीच टेल्मिसार्टन ४० सुरू केली होती. ती नाडीला हात लावत नाही. ईसीजी काढला. नाडी संथ, बाकी पट्टी स्वच्छ. हार्ट ॲटॅकची खूण त्या पट्टीवर तरी नव्हती.

आता जे सुचलं ते सुचायला नको होतं, पण शेतीच्या तालुक्यात वीस वर्षं काढल्यावर ते सुचतंच. बाहुल्या बारीक, नाडी मंद, जुलाब, गुंगी. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस असाच येतो. मी शर्टाचा वास घेतला, हाताच्या बोटांचा घेतला. मुलाला बाहेर पाठवलं आणि वहिनींना हळूच विचारलं, घरात काही बोलाचाली झाली का, कर्जाचं काही, केळीच्या भावाचं काही. त्या समजल्या. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "त्यासनी काहीच पिदं नही, साहेब."

विश्वास ठेवायचा, पण ॲट्रोपिनची, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याची, सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवायची, हा माझा शिरस्ता. मग नानांचा जबडा खाली ओढला आणि तिथे गोष्ट फिरली. तोंड कोरडं ठणठणीत होतं. जीभ टाळूला चिकटून सुटताना आवाज आला. कीटकनाशकाच्या विषबाधेत तोंडातून लाळ गळते, अंग घामाने निथळतं, छातीत घरघर ऐकू येते. इथे छाती स्वच्छ, अंग कोरडं, जीभ लाकडासारखी. माणूस झोपाळलेला, तोंड सुकलेलं, बीपी आणि नाडी दोन्ही खाली: असं करणारी औषधं थोडी आहेत आणि ती फवारणीच्या पंपात नसतात, मेडिकलच्या कपाटात असतात.

"चार दिवसांत काय काय घेतलं, सगळं घेऊन या," म्हणून मुलाला परत घरी पिटाळलं.

तो प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात ओआरएसचं फोडलेलं पाकीट, माझी टेल्मिसार्टन, जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि एक चांदीच्या कागदाचा कात्रीने कापलेला चौकोन. त्या चौकोनात सहा खाचा, पाच रिकाम्या, एकीत पिवळसर गोळी. मागच्या बाजूला छापील मजकुराची मधली एक ओळ कशीबशी शिल्लक राहिली होती. गोळीचं बाजारी नाव कात्रीच्या पलीकडे राहिलं होतं, एक्स्पायरी पलीकडे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं सांगणारी डाव्या कडेची उभी लाल रेघही पलीकडेच. भिंगाखाली धरल्यावर ओळीचा शेवट लागला: 'झॅनिडीन २ मिग्रॅ'. टिझॅनिडीन. जुलाबाच्या पट्टीवर नाव पुरतं होतं: सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० आणि टिनिडाझोल ६००.

या दोन गोळ्या एकमेकींच्या शेजारी बघितल्या आणि मी ॲट्रोपिनची सिरिंज बाजूला ठेवली.

सोमवार ते गुरुवार

झालं ते असं. सोमवारी सकाळी केळीची कापणी होती. लग्नसराई, त्यामुळे मजुरांच्या टोळीतले दोघे गैरहजर. नानांनी स्वतः घड वाहायला घेतले. आमच्याकडे चांगला घड वीस-पंचवीस किलोचा भरतो. तो खांद्यावर घेऊन ट्रॉलीकडे वळताना पाय वाफ्याच्या वरंब्यावर तिरका पडला आणि कंबरेत उसण भरली. तिथेच घड टाकून गुडघ्यावर बसले. दुपारपर्यंत पाठ लाकडासारखी ताठ, एका बाजूला कलून चालणं. "कंबर धराई गयी," एवढंच घरी सांगितलं.

संध्याकाळी धाकट्याने मेडिकलवरून गोळ्या आणल्या. दुकानदाराने दिल्या त्या ॲसेक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि टिझॅनिडीन अशा तिघांच्या मिश्रणाच्या. या दुकानदाराला मी खलनायक करणार नाही. रात्री दहाला गावात उघडं असतं ते त्याचंच दुकान, आणि दवाखान्यात यायचं म्हणजे फी, गाडी आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडणं. पण त्याने विचारलं नाही की बीपीची गोळी चालू आहे का. दिवसातून तीन वेळा घ्या म्हणाला. सहा कापून दिल्या, मग बुधवारी आणखी सहा.

गोळ्यांनी बरं वाटलं. दुपारी झोप यायची, तोंड सुकायचं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नानांनी ते उन्हावर टाकलं, आणि चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात कोणाही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. बुधवारी भाचीचं लग्न. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मठ्ठा. रात्री पोट बिघडलं. गुरुवारी सकाळी बाजारच्या गावाहून, म्हणजे दुसऱ्याच मेडिकलवरून, मोठ्या मुलाने जुलाबाच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या दुकानदाराला पहिल्या गोळीचा पत्ता नव्हता आणि मुलालाही तिचं नाव सांगता आलं नसतं, कारण घरात आलेल्या तुकड्यावर ते नव्हतंच.

गुरुवारी सकाळी एक सिप्रो, रात्री जेवणानंतर दुसरी. कंबरेची सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री दहाला दोन, कारण कूस बदलताना चमक निघत होती आणि मध्यरात्री मोटारीसाठी उठायचं होतं. बारा गोळ्यांतल्या अकरा गेल्या. बारावी माझ्या टेबलावर होती.

गोळी कुठे लागते

'स्नायू सैल करणारी गोळी' हे नाव ऐकून माणसाला वाटतं की ती कंबरेत जाऊन आखडलेला गोळा सोडवते. माझ्या कितीतरी रुग्णांच्या मनात हेच चित्र आहे आणि ते बसवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. या वर्गातली जवळजवळ सगळी औषधं मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करतात. थेट स्नायूवर काम करणारं डँट्रोलिन आहे, पण ते उसण भरल्यावर देत नाहीत.

टिझॅनिडीन मज्जारज्जूत अल्फा-२ नावाच्या जागांवर बसते आणि स्नायूला 'आवळ' असं सांगणारे संदेश कमी करते. हीच जागा मेंदूत रक्तदाब आणि नाडी सांभाळणाऱ्या केंद्रातही आहे. त्यामुळे कंबर सैल होते तेव्हाच बीपी उतरतं, नाडी मंदावते, लाळ आटते, झोप येते. रक्तदाबावर एके काळी भरपूर वापरलं जाणारं क्लोनिडीन हे हिचं सख्खं भावंड. नानांची बीपीची गोळी वेगळ्या वाटेने बीपी उतरवत होती, ही दुसऱ्या वाटेने. जुलाबाने अंगातलं पाणी नेलं, ही तिसरी वाट.

आणि चौथी सिप्रो. यकृतात टिझॅनिडीन मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) आहे, त्याला सीवायपी१ए२ म्हणतात. एरवी गोळीचा बराचसा भाग रक्तात पोहोचण्याआधीच ते मोडून टाकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्या विकराला अडवून धरते. फिनलंडमध्ये १० निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला: सिप्रो चालू असताना टिझॅनिडीनची एकच गोळी दिली तर शरीराला पोहोचणारं औषध सरासरी दहापट होतं. म्हणजे नानांनी रात्री २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या, शरीराच्या हिशेबी त्या वीस गोळ्यांच्या आसपास झाल्या. ही जोडी एकत्र द्यायचीच नाही असं टिझॅनिडीनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. माहितीपत्रक खोक्यात राहतं आणि कापलेला तुकडा घरी जातो.

(जाता जाता: बिडीच्या धुराने हेच विकर उलट जोरात चालतं, त्यामुळे बिडी ओढणाऱ्याला ही गोळी कमी लागू पडते. नाना तंबाखू मळतात, ओढत नाहीत. मळलेल्या तंबाखूला हा गुण नाही. हे वाचून कोणी बिडी पेटवू नये.)

त्या रात्री काय केलं

फार काही नाही, आणि तेच बरोबर होतं. या औषधावर उतारा नाही. ते उतरेपर्यंत माणूस सांभाळायचा. दोन्ही गोळ्या बंद, टेल्मिसार्टन बंद, पाय उंच, सलाईन, दर दहा मिनिटांनी बीपी. १०८ ला फोन करून ठेवला होता. पाऊण तासात वरचं बीपी ९० ला गेलं नसतं तर जळगाव. ते ९२ झालं. पहाटे चारला १०६, नाडी ५८. साडेपाचला नाना स्वतःहून उठून बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "जीभ लाकूड व्हई गयी." दुसरं वाक्य मोटारीबद्दल होतं.

सकाळी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला. यात टिझॅनिडीनचा थेट दोष नाही, तिच्याबरोबर एकाच गोळीत बांधलेल्या ॲसेक्लोफिनॅकचा आहे. या जातीची वेदनाशामकं मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट आखडतात. तब्येतीने ठीक असलेल्या माणसाला चार दिवस ते चालून जातं. पण बीपीची सार्टन जातीची गोळी, उन्हाने आणि जुलाबाने सुकलेलं शरीर आणि वर हे वेदनाशामक अशी गाठ पडली की मूत्रपिंड दमतं. इथे माझीही चूक आहे. दोन वर्षांपूर्वी टेल्मिसार्टन लिहून देताना मी मीठ कमी करा म्हणालो, चाला म्हणालो, पण अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका हे म्हणालो नाही. मजुरीच्या आणि केळीच्या मुलखात ते पहिलं सांगायला हवं होतं. पाणी भरपूर, वेदनाशामक बंद, टेल्मिसार्टन आठवडाभर थांबवली; दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.१ वर आलं.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी देशपातळीवर फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा फुकटचा फोन १८००-१८०-३०२४. डॉक्टरच काय, रुग्णही तिथे कळवू शकतो. मी फॉर्म भरला. खरं सांगायचं तर त्याआधीच्या वीस वर्षांत एकदाही भरला नव्हता.

कंबरेचं काय

या सगळ्या गोंधळात मूळ तक्रार कोणी पाहिलीच नव्हती. शनिवारी नानांना पालथं झोपवून पाठ पाहिली. कण्याच्या डाव्या बाजूचा स्नायू बोटांना दोरखंडासारखा लागत होता. पाय सरळ उचलला तर कळ पायात उतरत नव्हती. पायाच्या अंगठ्यात जोर होता, टाचेवर आणि चवड्यावर चालता येत होतं. लघवी-शौचावर ताबा होता, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा नव्हता. ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही, क्षयाचा इतिहास नाही. यातलं एक जरी असतं तर पुढची वाट वेगळी होती. लघवी अडकणं किंवा मांडीतला बधिरपणा असता तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. नानांच्या बाबतीत एक्स-रेही लागला नाही. मुलगा थोडा हिरमुसला. एमआरआयसाठी जळगावला न्यायची त्याची तयारी होती.

स्नायू आखडतो तो बहुतेक वेळा दुखावलेल्या जागेला हलू न देण्यासाठी. उजव्या हाताला लागलं की डावा हात आपोआप त्यावर जाऊन बसतो, तसंच. त्या स्नायूला गोळी देऊन झोपवल्याने दुखावलेली जागा लवकर भरते असं नाही. भरते ती आपल्या वेळेने, बहुतेकांची काही आठवड्यांत. मग गोळी कशाला? २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ३१ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी दुखणं १०० पैकी सरासरी ७-८ गुणांनी कमी होतं, आणि तेही खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ७-८ गुण म्हणजे नानांच्या भाषेत, कूस बदलताना 'आई गं' ऐवजी नुसतं 'हं'. जुनाट कंबरदुखीत तर ही औषधं नेमाने देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे.

तरीही मी ही औषधं अजिबात देत नाही असं नाही. उसण भरलेल्या माणसाची रात्रीची झोप उडते आणि झोप उडाली की दुखणं दुप्पट होतं. तीन-चार रात्री, झोपताना एक, बाकी औषधं विचारून: एवढ्यापुरती गोळी कामाची आहे. तिच्या गुंगीचा तिथे उपयोगच होतो. सकाळी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, दारू घेणाऱ्याला आणि सत्तरीच्या म्हातारीला मी ती देत नाही. म्हातारी रात्री उठते, पडते आणि खुबा मोडून घेते.

कपाटातल्या बाकीच्या बहिणींचे स्वभाव वेगळे. क्लोरझोक्साझोन आपल्याकडे सर्वात जास्त खपणाऱ्यांपैकी. तिच्याने कधी लघवी नारिंगी-लालसर होते, त्याला घाबरायचं नाही, पण क्वचित यकृत बिघडतं, त्याला घाबरायचं. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद. बॅक्लोफेन मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ती गुंगवून टाकते. आणि महिनोन्महिने घेतलेली एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. थायोकोल्चिकोसाइडबद्दल पुढे येतंच आहे.

नानांना मी दिला तो कागद असा: दिवसातून तीन वेळा गरम पाण्याच्या पिशवीने शेक. गुडघ्याखाली उशी घेऊन पाठीवर झोपणं. अंथरुणात पडून न राहता अंगणात फेऱ्या, आधी पाच मिनिटं, मग वाढवत. तीन आठवडे घड खांद्यावर घ्यायचा नाही. वहिनींनी कागद मोठ्याने वाचून घेतला आणि शेवटच्या ओळीवर नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. अठराव्या दिवशी ते बागेत घड उचलताना सापडले, असं मुलाकडून कळलं. कंबर टिकली.

पाऊस पडून आठवडा झाला तेव्हा नाना परत आले, स्वतःसाठी नव्हे. धाकट्या सुनेची निंदणीने पाठ भरली होती. मेडिकलवाल्याने आता अख्खं पाकीट दिलं होतं, नानांनीच भांडून मागून घेतलं होतं, आणि पहिली गोळी घेण्याआधी ते मला दाखवायला आणलं होतं. त्यावर होतं थायोकोल्चिकोसाइड ४ मिग्रॅ.

हे औषध कळलावीच्या बियांपासून निघतं. सातपुड्याच्या उतारावर श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते ती कळलावी, बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून नावही तेच. युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये या गोळीवर बंधनं घालायची शिफारस केली: तोंडाने घ्यायची तर जास्तीत जास्त ७ दिवस; १६ वर्षांखालच्यांना नाही; गरोदर बाईला नाही, अंगावर पाजणारीला नाही आणि मूल होण्याच्या वयात गर्भनिरोधन नसलेलीलाही नाही. शरीरात तिच्यापासून तयार होणारा एक घटक पेशींतल्या गुणसूत्रांची विभागणी बिघडवू शकतो, हे त्याचं कारण.

सुनेला आत बोलावलं, नानांना बाहेर बसवलं. पाळीची तारीख विचारली. तिने बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि खाली बघून म्हणाली, बारा दिवस वर गेलेत.

पाकीट उलटं करून पाहिलं. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या.